बिनगुरूचा मांत्रिक

माझा मांत्रिक मेला त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण त्या दिवशीचा राग अजून माझ्याकडं शिल्लक आहे. राग सोडून द्यावा, तब्येतीला बरा नसतो, असं सांगणारी माणसं मला अधूनमधून भेटतात. त्यातल्या बहुतेकांवर कुणापुढं वाकायची वेळ कधी आलेली नसते. मी माझा राग नीट जपून ठेवला आहे, आणि तो वेळोवेळी माझ्या कामाला आला आहे.

मांत्रिक म्हणजे लिंबं कापणारा किंवा अंगारे वाटणारा नव्हे. तो एका खेळातला होता, आणि तो मी होते. हे नीट सांगायला हवं, कारण त्या काळी उस्मानाबादेत हा खेळ आमच्या चौघांशिवाय कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवून गेला होता. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं ‘हे काहीच नाही’ म्हणायची आणि टँकरच्या रांगेत आमच्याच पुढं उभी राहायची. माझे वडील तालुक्याच्या सहकारी दूध संघात टँकरवर ड्रायव्हर होते. चाऱ्याविना जनावरांचं दूध आटलं आणि त्यांचा दुधाचा टँकर पाणी वाहायला लागला. त्या पाण्याला नासक्या दुधाचा वास यायचा म्हणून गावोगावचे लोक वडिलांना शिव्या द्यायचे. वडीलही त्यांना द्यायचे. तेवढ्यात पाणी भरून व्हायचं.

वकिलांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिचा चुलतभाऊ अमेरिकेत शिकत होता. तो सुट्टीवर आला तेव्हा एक खोका घेऊन आला, आणि परत जाताना बॅगेत लोणच्याच्या बरण्या मावाव्यात म्हणून तो इथंच टाकून गेला. खोक्यात एक पातळ इंग्रजी पुस्तक, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे तऱ्हेतऱ्हेचे फासे आणि पेन्सिली. पट नाही, सोंगट्या नाहीत. जाण्याआधी त्यानं आम्हाला खेळून दाखवलं. एकानं पंच व्हायचं. पंच गोष्ट सांगतो: तुम्ही जंगलात आहात, समोर पडकी गढी आहे, आत उजेड दिसतोय. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. मी दार ढकलते. मी झाडावर चढतो. जमलं की नाही असा सवाल आला की फासा टाकायचा. जिंकणं-हरणं असं काही नाही. तुमचा माणूस जगला तर पुढच्या रविवारी तोच घेऊन पुढं जायचं. मेला तर कायमचा मेला.

रविवारी दुपारी आम्ही वकिलांच्या बैठकीत बसायचो. मुलं-मुली एकत्र, म्हणून दार सताड उघडं आणि समोरच्या सोप्यात वकिलीणबाई गहू निवडत बसलेल्या. त्या घरात मला कधी वेगळा कप मिळाला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आम्ही बौद्ध आहोत हे कळलं की ही हकीकत ऐकणारे तेवढं एक विचारतातच. कप सगळ्यांसारखाच होता. जे झालं ते कपात झालं नाही.

पंच तुळजापूरचा होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजापाठ, वडील संस्कृतचे शिक्षक, आणि तो स्वतः सायन्सला. आमच्यात त्याचं इंग्रजी सगळ्यांत चांगलं, म्हणून पुस्तक त्याच्या हातात गेलं, आणि पुस्तक ज्याच्या हातात तो पंच. चौथा तेरखेड्याचा. त्याच्या घरी फटाक्यांचं काम चालायचं. तो वकिलांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहून शिकत होता, आणि गावाहून परत आला की दोन दिवस त्याच्या नखांत चंदेरी भुकटी दिसायची. खेळात तो चोर झाला, कारण चोराला कुणी सल्ला विचारत नाही असं त्याचं म्हणणं होतं. वकिलांच्या मुलीनं तलवार घेतली. मी मांत्रिक घेतला.

का घेतला ते सांगते. त्या खेळात मांत्रिक सुरुवातीला सगळ्यांत दुबळा असतो. अंगावर चिलखत नाही, हातात तलवार नाही, कमरेला एक चाकू आणि डोक्यात एकच मंत्र. मांजरानं पंजा मारला तरी मरायचा. पण मेला नाही तर तो वाढत जातो, आणि वाढतो तो अभ्यासानं. त्याला वारशानं काही मिळत नाही. रोज सकाळी पुस्तक उघडायचं आणि पाठ करायचं. हे वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मला त्या खेळात खजिना नको होता, राज्यही नको होतं. माझा मांत्रिक जगावा आणि कुणाचाही चेला न होता मोठा व्हावा, एवढंच हवं होतं.

फासा पितळी परातीत टाकायचा असा आमचा नियम होता. जमिनीवर टाकला की तो हमखास वकिलांच्या कपाटाखाली जायचा, आणि हात घालून काढताना तेरखेड्याच्याला नेहमीच बरा आकडा दिसायचा. परातीत आवाज होतो आणि सगळ्यांना दिसतं.

पहिलं भांडण झालं ते मंत्रांच्या नियमावरून. पुस्तकात साफ लिहिलं होतं: मांत्रिक सकाळी मंत्र पाठ करतो, दिवसात एकदा म्हणतो, आणि म्हटल्याबरोबर तो मंत्र त्याच्या डोक्यातून जातो. पुन्हा हवा असेल तर रात्रभर विश्रांती घेऊन दुसऱ्या सकाळी पुन्हा पाठ करायचा. मी पहिल्यांदा मंत्र म्हटला तेव्हा पंचानं हे वाचलं आणि पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं.

“हे चुकून छापलंय,” तो म्हणाला.

“काय चुकलंय?”

“अगं, मंत्र म्हटल्यानं पक्का होतो. म्हटल्यानं विसरतो असं कुठं असतंय का? माझ्या वडिलांना आता विसरायचे म्हटले तरी विसरता येणार नाहीत. ह्यांनी उलटं लिहिलंय. अमेरिकेतल्यांना मंत्रातलं काय कळतंय?”

तो काही कांगावा करत नव्हता. त्याला लहानपणापासून पहाटे उठवून बसवलेलं होतं. ज्याच्या घरात मंत्र म्हणजे घोकून घोकून हाडात मुरवायची गोष्ट, त्याला हा नियम वेडगळ वाटणारच. त्यानं तिथल्या तिथं निवाडा दिला: मंत्र डोक्यातून जाणार नाही, उलट जितक्या वेळा म्हणाल तितका जोर वाढेल. मला हे फायद्याचंच होतं आणि मी गप्प बसणारही होते. पण त्याचा निवाडा तिथं संपला नाही.

“मात्र मंत्र गुरूच्या तोंडून मिळालेला पाहिजे,” तो म्हणाला. “पुस्तकातून उचललेला मंत्र फळत नाही. हे तर कुणालाही माहीत असतं.”

“मला न्हाय माहीत.”

“तुमच्याकडं नसेल तसं.”

वकिलांची मुलगी परातीतले फासे उगाच गोळा करायला लागली. आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले आणि तो पुस्तकाची पानं चाळायला लागला. त्यानं माफी मागितली नाही आणि मीही मागू दिली नसती. माफी मागितली की समोरच्याला मोठ्या मनानं ‘जाऊ द्या’ म्हणावं लागतं, आणि माझं मन तेव्हा मोठं नव्हतं. अजूनही फारसं नाही.

मी म्हणाले, “नियम वाच.”

ही माझी सवय वडिलांकडून आलेली. वडील संघाच्या कामगारांच्या पतसंस्थेचे सभासद होते. वार्षिक सभेत ठराव मांडला की पुढच्या ओळीतली माणसं ‘मंजूर, मंजूर’ म्हणत हात वर करायची आणि चहा यायचा. वडील मधूनच उठायचे आणि म्हणायचे, “पोटनियम वाचा.” अध्यक्ष म्हणायचे, सगळ्यांना माहीत आहे हो. “मग वाचायला काय जातंय?” पोटनियम वाचला जायचा आणि ठराव तरीही मंजूर व्हायचा, कारण वर झालेले हात जास्त असायचे. कधीकधी तर पोटनियम वडिलांच्याच विरुद्ध निघायचा. तरी ते घरी खुशीत यायचे. वाचायला लावलं, एवढ्यावर त्यांचं पोट भरायचं. आईला ह्याचा भयंकर वैताग होता. मला मात्र त्या सभेतलं ते एक वाक्य फार आवडायचं.

पंचानं नियम पुन्हा वाचला. वाचल्यावर त्यात गुरू कुठंच नव्हता, आणि मंत्र डोक्यातून जातो हे मात्र स्पष्ट होतं. म्हणजे मला नको होतं तेही त्यात होतं. मी म्हणाले, पुस्तकाप्रमाणं जायचं. मंत्र एकदाच. पण गुरू नाही.

“अगं पण ते पटत तरी आहे का तुला? एकदा म्हटला आणि संपला?”

इथं तेरखेड्याचा तोंड उघडून बोलला. एरवी तो शेंगा खाण्यापुरतंच उघडायचा. “मला पटतंय. बाण उडविला का तो गेला. वात पेटली, वर गेला, फुटला, झालं. दुसरा पायजे तर दुसऱ्या दिशी बसून पुन्ना दारू ठासावी लागती. एकच बाण दहादा उडतोय व्हय?”

“मंत्र आणि फटाका एक नसतो.”

“तुमच्यात नसंल,” तेरखेड्याचा शांतपणे म्हणाला आणि त्यानं शेंग फोडली.

तेवढ्यात वकीलसाहेब आतून चष्मा शोधत आले. मुलीनं त्यांना गाठलं आणि दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी उभ्या-उभ्या ऐकलं, पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठावरचा राक्षस बघितला आणि म्हणाले, “दोन्ही बाजूंनी उत्तम युक्तिवाद होऊ शकतो.” मग चष्मा घेऊन आत गेले. लोक त्यांच्याकडं लांबून लांबून सल्ल्याला येत.

शेवटी हात वर केले. माझा आणि तेरखेड्याच्याचा पुस्तकाच्या बाजूनं. पंचाचा स्वतःच्या बाजूनं. वकिलांच्या मुलीनं दोन्ही वेळा हात वर केला, कारण तिला कुणाला दुखवायचं नव्हतं. मंत्र एकदाच, असं ठरलं. गुरूचं पुढं बघू, असं पंच म्हणाला. ते ‘पुढं बघू’ मला तेव्हाच खटकलं होतं.

त्या रात्री जेवताना वडिलांनी विचारलं, तिथं दिवसभर काय करता म्हणून.

“आज मंत्र म्हणला आन सहा कुत्रतोंडे राक्षस झोपवले,” मी म्हणाले.

वडिलांचा घास हातातच राहिला. आमच्या घरानं धर्म बदलला तेव्हा ते विशीच्या आत होते. गळ्यातला ताईत त्यांनी स्वतःच्या हातानं तोडला होता, आणि पुढं कधी आईनं पोरांची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेतल्या तरी ते ताटावरून उठायचे.

“कोण शिकवतंय तुला मंत्र?”

“कुणी न्हाय. पुस्तकात हाय. ज्याला वाचता येतंय त्यानं पाठ करायचा.”

“कुणीबी?”

“कुणीबी.”

“आन म्हणायच्या आदी कुणाच्या पाया-बिया पडायचं?”

“न्हाय.”

त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. “मग त्याला मंत्र कशाला म्हणतेत? इद्या म्हण की.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “त्यानं पाणी काढता येतंय का पर?” तसा मंत्र आहे पण मोठ्या मांत्रिकालाच मिळतो, असं मी सांगितलं. “मग लवकर मोठी हो,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. हात धुतलेलं पाणी खाली ठेवलेल्या घमेल्यात पडलं. ते सकाळी तुळशीला नाही, कारण आमच्याकडं तुळस नव्हती, पण लिंबाच्या झाडाला जायचं.

तर माझा मांत्रिक मोठा होऊ लागला. हिवाळा गेला, उन्हं तापली. सुट्टीचा दिवस टँकरच्या मागं गेला तरी दुपारी मी वकिलांकडं पोचायचेच. हंडे आणून ठेवायचे, तोंडावरून ओला हात फिरवायचा आणि निघायचं. डोक्यात दोन मंत्र मावतील एवढा तो वाढला होता: एक झोपेचा, एक उजेडाचा. मी त्याला चेहरा दिला होता, चाल दिली होती. तो फार बोलत नसे. कुणी आवाज चढवला की तो फक्त वर बघायचा. खरं सांगते, मला तो माझ्यापेक्षा आवडायचा. कॉलेजात स्कॉलरशिपच्या खिडकीपाशी नाव पुकारलं की मागून हसू यायचं तेव्हा मी खाली बघायचे. मांत्रिक असता तर त्यानं वर बघितलं असतं. मग एकदा मीही बघितलं. काही बिघडलं नाही.

आणि मग तो रविवार आला.

पंचानं त्या दिवशी फार चांगली गोष्ट रचली होती, हे कबूल करायलाच हवं. कॉलेजच्या सहलीला आम्ही येडशीला रामलिंगाच्या जंगलात गेलो होतो, तिथली दरी त्यानं उचलली आणि तिच्या पोटात एक आटलेला तलाव घातला. तलावाच्या तळाशी भेगाळलेल्या गाळात एक लोखंडी झाकण. खाली भुयार. भुयाराच्या टोकाला दार, आणि दारामागं पाणी. खजिना नाही, पाणी. त्या वर्षी हे ऐकून आमच्या तिघांच्याही घशाला कोरड पडली.

भुयारात अंधार होता म्हणून मी उजेडाचा मंत्र म्हटला. तो गेला. पुढं दालनात पहारेकरी होते, त्यांच्यावर झोपेचा म्हटला. तोही गेला. शेवटच्या दारापाशी एका डोळ्याचा राखणदार बसला होता. तलवारवाली पुढं झाली आणि दोन फाशांत बेशुद्ध पडली. चोर बाजूनं सरकायला गेला आणि त्याचा पाय दगडी सापळ्यात अडकला. उभा राहिला तो माझा मांत्रिक, डोकं रिकामं, कमरेला चाकू.

पंचानं आमच्या तिघांकडं बघितलं. मग म्हणाला, “उजव्या भिंतीत कोनाडा आहे. त्यात एक साधू बसलाय.”

“आत्तापर्यंत नव्हता,” मी म्हणाले.

“अंधारात दिसला नव्हता. तो तुझ्याकडं बघतो आणि म्हणतो, पोरा, तुझा मंत्र गेलेला नाही. तुला अधिकार नाही म्हणून तो थांबलाय. माझे पाय धर. मी तुझ्या कानात सांगतो. मग म्हण. पहिल्यापेक्षा दसपट लागेल.”

त्याच्या तोंडाकडं बघून मला कळलं की हा मला हरवायला बसलेला नाही. हा मला वाचवतोय. त्याला आमचा खेळ मोडायला नको होता, माझा मांत्रिक मरायला नको होता, आणि त्याला सुचलेला सगळ्यांत चांगला मार्ग तो मला देत होता. त्याच्या मनातली सगळ्यांत चांगली गोष्ट म्हणजे पाय धरणं. ह्याचाच मला जास्त राग आला. दुष्टपणानं केलं असतं तर सोपं होतं.

“धर ना,” वकिलांची मुलगी म्हणाली. “गोष्टीतलेच तर पाय आहेत.”

“माझा पाय आडकलाय,” तेरखेड्याचा म्हणाला. “तू तेचे धर म्हंजी माझा सुटंल. काय जातंय तुझं?”

काय जातंय, हा प्रश्न मला त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळांनी विचारला आहे. सत्काराला, लग्नाला, ऑफिसात नव्या साहेबाच्या केबिनीत. काय जातंय, वाकून टाका. विचारणाऱ्याला ठाऊक असतं काय जातं ते, म्हणून तर तो विचारतो. पण त्या दुपारी मी एवढा विचार केला नव्हता. मला एवढंच वाटलं की हा खेळ आहे, इथं तरी कुणी माझ्या मागं उभं राहून मान दाबत नाही, आणि खेळातही जर आपणहून वाकायचं तर मग न वाकायला जागा कुठं उरली?

“नियम वाच,” मी म्हणाले.

“पाठ आहे मला.”

“मग म्हणून दाखव.”

त्यानं म्हणून दाखवला. मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून जातो. विश्रांती आणि अभ्यासाशिवाय परत येत नाही.

“ह्यात गुरू आहे?”

“नाही. पण पंचाला गोष्टीत नवीन माणूस आणता येतो. तेही पुस्तकात आहे.”

“माणूस आण. पण माझा मंत्र गेलाय. तो कुणाचे पाय धरल्यानं परत येतो असं पुस्तकात नाही. मी चाकू काढते.”

“अगं, एकोणीस नाही तर वीसच लागतंय तुला. मरशील.”

“माहीत आहे.”

“मी तुला रस्ता दिलाय.”

“रस्ता नाही दिलास. अट घातलीस.”

सोप्यातला गहू निवडल्याचा आवाज थांबला होता. मी फासा हातात घेतला. महिनोन्‌महिने जगवलेला मांत्रिक मी माझ्या हातानं मरायला पाठवत होते, आणि तो मरू नये असं मला फार, फार वाटत होतं. एकदा मनात आलंही, की एवढंच एकदा. कुणाला कळणार आहे? पण कळलं असतं. माझ्या मांत्रिकाला कळलं असतं.

फासा परातीत खणखणला, काठाला लागून फिरला आणि थांबला. अकरा.

मग राखणदाराच्या वतीनं पंचानं फासा टाकला. मोठा आकडा आला. त्यानं तो लगेच हातात उचलला.

“हा नीट पडला नाही,” तो म्हणाला. “काठाला टेकला होता. मी पुन्हा टाकतो.”

“टेकला नव्हता. ठेव खाली.”

“मी पंच आहे. मी म्हणतो टेकला होता.”

“आन मी म्हणते नव्हता. तुझी दया आणि तुझा साधू, दोन्ही तुझ्याकडं ठेव.”

तेरखेड्याचा हळूच म्हणाला, “न्हवता टेकला.” स्वतःचा चोर त्या सापळ्यातच राहणार हे माहीत असूनही तो म्हणाला. त्यासाठी मी त्याचे अनेक कपाटाखालचे फासे माफ केले.

माझा मांत्रिक मेला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते लपवायला मी कुठं बघितलंही नाही. आमच्यात रीत होती, की कुणाचा माणूस मेला की त्याचं मरण पंचानं सांगायचं, सावकाश, शेवटपर्यंत, आणि बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही. मेलेल्याचा मान म्हणून. पंचानं घसा साफ केला.

“राखणदाराची गदा खाली आली,” तो म्हणाला. “मांत्रिकाच्या हातातला चाकू उडाला. तो दोन पावलं मागं गेला, उजवीकडं कलंडला, आणि साधूच्या पायांशी कोसळला. साधूनं त्याच्या डोक्यावर हात—”

“पायांशी नाही.”

“मधे बोलायचं नाही. रीत आहे आपली.”

“आपणच केलेली रीत आहे. मीच मोडते. पायांशी नाही.”

“देह कुठं पडतो हे पुस्तकात कुठंच नाही,” तो म्हणाला. आता तोही चिडला होता. “ते पंचाच्या हातात असतं. मी त्याला चांगलं मरण देतोय. आशीर्वाद देतोय. तुला तेही नको?”

मी उठून उभी राहिले. परात माझ्या पायाशी होती, ती मी बाजूला सरकवली. मला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो अगदी साधा निघाला.

“जिवंतपणी तो वाकला नाही,” मी म्हणाले. “मेल्यावर तू त्याला वाकवू नको.”

वकिलांची मुलगी माझ्याकडं बघत होती, आणि ह्या वेळी तिनं दोन्ही बाजू धरल्या नाहीत. पंच पुस्तकाकडं बघत बसला. त्यात त्याला काही सापडणार नव्हतं हे त्यालाही माहीत होतं. मग त्यानं पुस्तक मिटलं आणि गुडघ्यावरून खाली ठेवलं.

“बस,” तो म्हणाला. “पुन्हा सांगतो.”

मी बसले. त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली: भुयार, दार, दारापलीकडून येणारा पाण्याचा आवाज, राखणदाराचा एक डोळा, चाकू काढून सरळ चालत गेलेला मांत्रिक, वर आलेली गदा, आणि मांत्रिकानं वर केलेली नजर. तो दारातच पडला, चाकू हातात, तोंड पाण्याकडं. उजव्या भिंतीत ह्या वेळी कोनाडा नव्हता, आणि साधूही नव्हता.